मत देण्याआधी ठरलेलं मत : आंबेगावची 1,523 मतं आणि मनातली सांगड



2024 च्या विधानसभा निवडणुकीत आंबेगावचा निकाल अवघ्या 1,523 मतांनी लागला. दिलीप वळसे पाटील निवडून आले आणि शरद पवार गटाचे देवदत्त निकम पडले. त्याच मतदान यंत्रावर देवदत्त निकम याच नावाचा आणखी एक उमेदवार होता. पक्षाच्या निकमांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, तर या दुसऱ्यांचं चिन्ह ट्रम्पेट, म्हणजे आपण जिला पिपाणी म्हणतो ती. या दुसऱ्या निकमांना 2,965 मतं पडली. ही संख्या निकालातल्या फरकाच्या जवळपास दुप्पट आहे.

ही सगळी मतं चुकून गेली असं कोणी सिद्ध करू शकत नाही. मत गुप्त असतं आणि ते गुप्तच राहिलं पाहिजे. पण निकालानंतर मंचरपासून घोडेगावपर्यंत चहाच्या टपरीवर एकच वाक्य ऐकू येत होतं : "लोक अडाणी आहेत हो, नीट बघत नाहीत." आमचा आक्षेप या वाक्याला आहे. लोकांना अडाणी म्हटलं की पुढचा विचार थांबतो. शिवाय "अडाणी" म्हणताना बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण उभं राहतं, हेही आपल्याला चांगलं माहीत आहे. आपल्या वस्तीतली म्हातारी, पश्चिम पट्ट्यातला ठाकर, कातकरी. बागायतदार आणि पदवीधर यांच्याही हातून तीच चूक होऊ शकते, हे कोणाच्या मनातही येत नाही.

आमचं म्हणणं असं की इथे अक्षरओळखीपेक्षा मनातली सांगड जास्त काम करते. एखादं नाव, चित्र, आडनाव, चेहरा दिसला की दुसरी एखादी गोष्ट आपोआप मनात येते. आपण तिला बोलावलेलं नसतं, पण ती विचाराच्या आधी येऊन बसते. या सांगडी कुठून येतात, कोण घालतं आणि त्या सोडवता येतात का, याचा इतिहास आपण तपासला पाहिजे. कारण आपली चळवळ निवडणुकीत वारंवार हरते ती केवळ पैशामुळे नाही.

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना

सांगड म्हणजे काय हे समजून घ्यायला जुन्नरच्या माणसाला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. लेण्याद्री चढून जावं. वरची लेणी बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली आहेत. सहाव्या लेण्यातला चैत्य कल्याणच्या सुलसदत्ताच्या दानातून झाल्याचं त्याच्या दाराशी कोरलेलं आहे. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट, चंद या यवनांची दानंही नोंदलेली आहेत. शेजारचं सातवं लेणं हा विहार आहे, आणि त्यात आज अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज आहे. भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या तिथे डोळ्यांसमोर असतात. तरी हजारो माणसं त्या रोज बघतात आणि त्यांना विहार दिसत नाही, देऊळ दिसतं.

यात भाविकाचा खोटेपणा नाही. लहानपणापासून "लेण्याद्री" या शब्दाबरोबर "गणपती" हाच शब्द त्याच्या कानावर पडला. सांगड बसली. मग दगडावरचा पुरावा समोर असूनही दुय्यम ठरला. मतदानाच्या खोलीत हेच घडतं, फक्त तिथे वेळ आणखी कमी असतो.

मानसशास्त्रज्ञांनी हे मोजूनही पाहिलं आहे. इटलीतल्या व्हिचेन्झा शहरात अमेरिकी लष्करी तळ वाढवायचा की नाही यावर वाद चालू होता. गाल्दी, आर्कुरी आणि गाव्रोन्स्की या संशोधकांनी तिथल्या 129 रहिवाशांना त्यांचं मत विचारलं, आणि संगणकावर झटपट बटण दाबायला लावून त्यांच्या मनातली आपोआपची सांगडही मोजली. आठवड्याने पुन्हा तेच केलं. हा अभ्यास 2008 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. जे लोक "अजून ठरवलं नाही" म्हणत होते, ते पुढे कुठे झुकतील याचा अंदाज त्यांच्या सांगडीवरून येत होता. ज्यांचं ठरलेलं होतं त्यांच्यात मात्र उलटं दिसलं. त्यांच्या जाणीवपूर्वक विचारांवरून त्यांची सांगड पुढे कशी बदलेल हे कळत होतं.

अशा चाचण्यांवर टीकाही झाली आहे. एकेका माणसाचं निदान त्यांनी करता येत नाही, आणि तसं कोणी करूही नये. पण या अभ्यासातला दुसरा निष्कर्ष कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावा असा आहे. जो विचार करून ठरवत नाही, त्याच्यासाठी सांगड ठरवते. जो विचार करून ठरवतो, तो हळूहळू आपली सांगडही बदलतो.

बुद्धाने मनात दडून राहणाऱ्या प्रवृत्तींना अनुसय म्हटलं. त्या झोपलेल्या असतात आणि निमित्त मिळताच जाग्या होतात. त्या सातांमध्ये 'दिठ्ठी' म्हणजे चुकीची धारणा आहे आणि 'मान' म्हणजे स्वतःला वरचा-खालचा समजणंही आहे. जातिव्यवस्थेचं याहून नेमकं वर्णन कोणतं? बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त हेच मांडलं की जात ही विटांची भिंत नाही, ती मनाची अवस्था आहे. म्हणून ती पाडणं कठीण आहे.

1952 : पेटीवरचं चित्र

भारतीय निवडणुकीत चित्राला एवढं महत्त्व आलं त्याला कारण आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे 17 कोटी मतदार होते आणि त्यातल्या बहुसंख्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यासमोर प्रश्न होता की उमेदवार ओळखायचा कसा. तोडगा असा निघाला की प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवायची आणि पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवायचं. मतदाराने आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. शिक्का मारण्याची मतपत्रिका साठच्या दशकात रुळली.

निरक्षर माणसालाही समान मत देणारी ही व्यवस्था क्रांतिकारकच होती. तिच्यामागे बाबासाहेबांचा प्रौढ मताधिकाराचा आग्रह होता. पण चिन्ह निवडताना पक्षांनी काय निवडलं ते पाहा. काँग्रेसने घेतली बैलजोडी. जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याच्या मनात बैलजोडी म्हणजे घर, बेंदूर, यात्रा आणि घाटातली शर्यत. भाषण एक शब्दही ऐकलं नाही तरी ते चित्र "आपलं" वाटायचं. पुढे काँग्रेसकडे गाय-वासरू आलं, मग हात आला. पक्ष फुटत राहिला, पण चित्र निवडण्यातली हुशारी सुटली नाही.

शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचं चिन्ह होतं हत्ती. उत्तर मुंबईत बाबासाहेबांना 1,23,576 मतं मिळाली आणि काँग्रेसचे नारायण काजरोळकर 1,38,137 मतं घेऊन निवडून आले. फरक 14,561 मतांचा. मतदारसंघ दोन सदस्यांचा होता, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं होती. संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष आणि देशाचा पहिला कायदामंत्री एका बाजूला, बैलजोडीचं चित्र दुसऱ्या बाजूला. त्या पराभवाची राजकीय कारणं अनेक होती आणि बाबासाहेबांनी निवडणुकीविरुद्ध अर्जही केला. पण एक गोष्ट नाकारता येत नाही. मतदार जर केवळ पात्रता तोलून मत देत असता, तर हा निकाल लागला नसता.

हत्ती आपला होता

पाच वर्षांनी चित्र बदललं, आणि ते आपल्याच भागात बदललं. 2008 च्या पुनर्रचनेपूर्वी जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके खेड लोकसभा मतदारसंघात येत. त्याच खेड मतदारसंघातून 1957 मध्ये फेडरेशनचे बाळासाहेब साळुंके लोकसभेवर निवडून गेले. आज शिरूर मतदारसंघातल्या किती तरुणांना हे माहीत आहे? दादासाहेब गायकवाड नाशिकमधून गेले हे आपण सांगतो, पण आपल्या दाराशी घडलेलं विसरतो.

1957 ला हे कसं घडलं? संयुक्त महाराष्ट्र समितीमुळे. मराठी राज्याच्या लढ्यात फेडरेशन सामील होती. त्यामुळे बिगरदलित मतदाराच्या मनात "हत्ती म्हणजे त्यांचा पक्ष" या सांगडीच्या जागी "हत्ती म्हणजे समिती, समिती म्हणजे महाराष्ट्र" ही सांगड काही काळ बसली. लोक एका रात्रीत जातमुक्त झाले नव्हते. पण एका समान लढ्याने जुन्या सांगडीवर नवी सांगड चढवली होती. इतिहासाचा हा धडा फार मोलाचा आहे.

3 ऑक्टोबर 1957 ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत गट पडले. हत्ती आपल्या हातून गेला. 1984 मध्ये कांशीराम यांनी स्थापन केलेल्या बसपाने पुढे त्याच हत्तीला उत्तर प्रदेशात सत्तेपर्यंत नेलं. तिथे भिंतीवर निळा हत्ती दिसला की शब्द लागत नाहीत.

आणि इथे? वंचित बहुजन आघाडीला 2019 च्या लोकसभेला कपबशी, त्याच वर्षी विधानसभेला गॅस सिलिंडर, 2024 च्या लोकसभेला प्रेशर कुकर आणि विधानसभेला पुन्हा सिलिंडर. यात कोणा नेत्याला दोष देण्याचा हेतू नाही. मान्यता नसलेल्या पक्षाला चिन्ह मिळेल ते घ्यावं लागतं, नियमच तसा आहे. पण परिणाम समजून घ्या. प्रस्थापितांच्या चिन्हाला वर्षानुवर्षांची सवय चिकटलेली असते आणि आपला कार्यकर्ता पंधरा दिवसांत नवं चित्र लोकांच्या मनात बसवायला धावत असतो. अर्धा प्रचार विचार सांगण्यात नाही, "या वेळी कुकर हं" हे सांगण्यात जातो.

चिन्हाचा गोंधळ प्रस्थापितांनाही कसा भोवतो हे 2024 ने दाखवलं. त्या लोकसभेला ट्रम्पेट या चिन्हाचं मराठी नाव यादीत "तुतारी" असंच छापलं होतं. साताऱ्यात ट्रम्पेटवाल्या अपक्षाला 37,062 मतं पडली आणि तुतारीचे शशिकांत शिंदे 32,771 मतांनी हरले. दिंडोरीत भगरे आडनावाच्या दुसऱ्या उमेदवाराने ट्रम्पेटवर लाखाहून अधिक मतं घेतली. त्याआधी 2014 मध्ये रायगडात सुनील तटकरे 2,110 मतांनी पडले होते आणि त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या उमेदवाराला साडेनऊ हजारांवर मतं होती. 2015 पासून यंत्रावर उमेदवाराचा फोटो आला. तरी आंबेगाव घडलंच. कारण नाव आणि चिन्ह यांची सांगड बसली की डोळा फोटोपर्यंत जातोच असं नाही.

2019 : पडद्यावरचे छत्रपती

शिरूरची 2019 ची लोकसभा निवडणूक हा या विषयाचा दुसरा धडा. शिवाजीराव आढळराव पाटील 2004, 2009 आणि 2014 असे सलग तीनदा खासदार झाले होते. त्यांच्यासमोर निवडणुकीच्या थोडंच आधी शिवसेना सोडून राष्ट्रवादीत आलेले नारायणगावचे डॉ. अमोल कोल्हे उभे राहिले. 'राजा शिवछत्रपती' मालिकेत त्यांनी शिवराय साकारले होते, आणि प्रचार सुरू होता तेव्हा झी मराठीवर 'स्वराज्यरक्षक संभाजी' चालूच होती. कोल्हे 58 हजारांहून अधिक मतांनी जिंकले.

केवळ मालिकेमुळे जिंकले असं म्हणणं मतदारावर अन्याय होईल. कांद्याचे भाव, बैलगाडा शर्यतीवरची बंदी, पुणे-नाशिक रस्त्याची कोंडी हे खरे प्रश्न होते. 2024 मध्ये मालिका नसताना ते सुमारे 1 लाख 40 हजारांनी जिंकले, हेही ध्यानात ठेवलं पाहिजे. पण 2019 ला गावात पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या उमेदवाराला ओळख करून द्यावी लागली नाही. शिवनेरीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाच्या मनात त्या चेहऱ्याबरोबर काय काय येत असेल, याचा हिशेब कोणत्याही जाहीरनाम्यात मांडता येत नाही. हे फक्त शिरूरचं नाही. 'रामायण' मालिकेतली सीता आणि रावण 1991 मध्ये गुजरातमधून लोकसभेवर गेले, 'महाभारता'तला कृष्ण 1996 मध्ये जमशेदपूरमधून गेला. तमिळनाडूत एमजीआर आणि आंध्रात एनटीआर मुख्यमंत्री झाले.

आपल्यासाठी प्रश्न याहून खोल आहे. वढू बुद्रुक आणि कोरेगाव भीमा ही गावं याच शिरूर मतदारसंघात आहेत. संभाजी महाराजांचं नाव घेतलं की आपल्या मनात गोविंद गोपाळ महार येतात. 29 डिसेंबर 2017 ला वढूला त्यांच्या समाधीच्या फलकावरून वाद पेटवला गेला आणि 1 जानेवारी 2018 ला अभिवादनाला आलेल्या आपल्या लोकांवर हल्ले झाले. त्याच महिन्यांत घरोघरी संभाजी महाराजांची मालिका पाहिली जात होती. एकच नाव, एकच मतदारसंघ आणि दोन वेगळ्या सांगडी. बहुसंख्य मतदाराच्या मनात संभाजी महाराजांबरोबर गोविंद गोपाळ का येत नाहीत? कारण कोणती सांगड पाठ्यपुस्तकात, मालिकेत, फ्लेक्सवर जाईल हे ठरवण्याची ताकद आपल्याकडे नव्हती. ही सांस्कृतिक सत्ता आहे. ती मतपेटीच्या आधी काम करते.

'खुली' जागा म्हणजे कोणाची जागा?

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ खुले आहेत. संविधानाच्या भाषेत खुला म्हणजे सर्वांसाठी. बौद्ध, मातंग, आदिवासी, मुस्लिम, कोणीही उभं राहावं. लोकांच्या मनात मात्र खुला म्हणजे "त्यांचा". "यंदा आपल्याकडे ओपन आहे" असं कोणी म्हटलं की पुढे कोणती आडनावं निघणार हे बोलणाऱ्यालाही माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही. वस्तीतल्या मुलांनाही आम्ही विचारतो, "गटाची जागा ओपन झाली, मग आपला कोण?" मुलं हसतात. ते हसू फार काही सांगून जातं. सांगड फक्त वरच्यांच्या मनात नसते, ती आपल्याही मनात बसवलेली आहे. मानसिक गुलामी म्हणतात ती हीच.

राखीव सरपंचाबाबत उलटी सांगड असते. "राखीव" म्हटलं की "सहीपुरता", आणि कारभार दुसऱ्याचा. तो माणूस कितीही शिकलेला असो.

आडनावाची ही ताकद मोजली गेली आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी 2007 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगळी. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या सुमारे दोन तृतीयांश निघाली. त्या कंपन्यांत बसलेले लोक सुशिक्षित होते. टपरीवर ज्यांना अडाणी म्हटलं गेलं ते हे नव्हेत.

सांगड बदलते, पण वेळ लागतो

निराश होण्याचं कारण नाही, कारण बदलाचाही पुरावा आहे. पश्चिम बंगालमध्ये गावच्या प्रधानपदाच्या एक तृतीयांश जागा सोडतीने स्त्रियांसाठी राखीव झाल्या. एस्थर डफ्लो, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या गावांचा अभ्यास 2009 मध्ये मांडला. पुरुषांना "नेता म्हणून कोण आवडतो" असं थेट विचारलं तर उत्तर फारसं बदललेलं नव्हतं. पण जिथे स्त्रीने प्रधानपद सांभाळलं होतं, तिथे "बाई म्हणजे घर" ही मनातली आपोआपची सांगड सैल झाली होती. आणि जिथे जागा दोनदा राखीव झाली होती, तिथे पुढे खुल्या जागेवरही स्त्रिया जास्त उभ्या राहिल्या आणि जास्त निवडून आल्या.

म्हणजे राखीव जागा फक्त एका माणसाला खुर्ची देत नाही. ती गावाच्या डोळ्यांना नवी सवय लावते. पण एका मुदतीत ती सवय मुरत नाही. आपल्याकडे दर पाच वर्षांनी सोडत निघते, खुर्ची फिरते, आणि सवय लागण्याआधीच माणूस खाली उतरतो. पद गेल्यावर तो माणूस सार्वजनिक कामातून गायब होतो, हे आपलं अपयश आहे. पद संपलं तरी त्याने ग्रामसभेत उभं राहिलंच पाहिजे.

मग आपण काय करायचं?

एक. मतदानाआधी वस्तीत नमुना यंत्र ठेवून सराव घ्या. चिन्ह, अनुक्रमांक, पूर्ण नाव, फोटो, या चारही गोष्टी. सारख्या नावाचा, सारख्या चिन्हाचा उमेदवार दाखवूनच सराव घ्या. 1,523 चा निकाल आठवा.

दोन. निवडणूक पंधरा दिवसांची नसते. शाळा व्यवस्थापन समिती, रेशनचं दुकान, पाण्याची योजना, डिंभे धरणातल्या विस्थापितांचा प्रश्न, कांद्याचा भाव, या प्रत्येक ठिकाणी आपला कार्यकर्ता दिसला पाहिजे. "जयभीमवाले म्हणजे त्यांचेच प्रश्न" ही सांगड तुटायची असेल तर 1957 सारखा समान लढा उभा करावा लागेल. पश्चिमेच्या महादेव कोळी, ठाकर, कातकरी बांधवांशिवाय तो उभा राहणार नाही.

तीन. आपला इतिहास आपण सांगा. खेडचा 1957 चा विजय, लेण्यांमधली दानं, वढूचे गोविंद गोपाळ. मालिका काढायला पैसा लागतो, पण मोबाइल प्रत्येकाच्या हातात आहे.

चार. स्वतःचं मन तपासा. उमेदवाराने पाच वर्षांत केलेली कामं नाव, जात आणि पक्ष न लिहिता कागदावर मांडा, मगच निवडा. आणि हे आपल्यालाही लागू आहे. 14 एप्रिलच्या फ्लेक्सवर बाबासाहेबांचा फोटो लावून निळा फेटा बांधला की आपणही त्या उमेदवाराचा हिशेब विचारत नाही. मातंग, चर्मकार, आदिवासी उमेदवाराबद्दल आपल्या मनात पहिल्यांदा काय येतं, तेही प्रामाणिकपणे बघा.

केसमुत्त गावच्या कालामांना बुद्धाने सांगितलं की ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आलं म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः तपासा, हिताचं असेल तर घ्या. 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल जो इशारा दिला, तो याच वाटेवरचा आहे. "शिका" या शब्दात स्वतःच्या मनाचं शिक्षणही येतं.

येणाऱ्या प्रत्येक निवडणुकीत, ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत, कोणीतरी आपल्या मनात सांगड घालायला येणारच आहे. बटण दाबायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात विचार होत नाही. तो आधीच करून जावा लागतो.

जयभीम! नमो बुद्धाय!